एचआयव्हीसह गरोदरपण: बीपी वाढलं तर रक्ताची नवी तपासणी काय सांगते?

एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला दिवस गेले की तिच्याजवळ दोन पुस्तिका होतात. एक एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या सेंटरची, दुसरी माता-बाल संरक्षण कार्डाची. पहिलीत सीडी-४, व्हायरल लोड आणि गोळ्यांचा हिशेब असतो. दुसरीत वजन, बीपी, लघवी, लसी. पुष्कळ जणी पहिली पुस्तिका तपासणीला नेतच नाहीत, कारण रांगेत शेजारी गावातलीच कुणीतरी बसलेली असते. आणि एआरटी सेंटरला जाताना दुसरीची गरज कुणी सांगितलेली नसते. बीपी जागेवर आहे तोवर यात फारसं बिघडत नाही. ते वाढलं, की मात्र दोन्ही पुस्तिकांमधले आकडे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांनाही ठामपणे काही सांगणं अवघड जातं. ते का, आणि अशा वेळी रक्ताची जी नवी तपासणी हल्ली सुचवली जाते तिचा उपयोग किती, हे समजून घेऊ. लेख त्या बाईसाठी आहे, तिच्या घरच्यांसाठी आहे आणि तिच्या घरी जाणाऱ्या आशाताईसाठीही.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, आणि जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट यांपैकी कशावर ताण दिसू लागला, की त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. पुढची पायरी म्हणजे झटके, एक्लॅम्पसिया. पायावरची सूज हे याचं लक्षण असं घरोघरी धरलं जातं. पण सूज निरोगी गरोदरपणातही येते, आणि प्री-एक्लॅम्पसिया सुजेशिवायही होतो. सुजेवर भरवसा ठेवू नये. मशीनवर ठेवावा.

वारेतून काय सुटतं

या आजाराचं मूळ वारेत आहे, म्हणूनच वार बाहेर पडली की तो ओसरू लागतो. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक, वळणदार रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद, सैल करतात. हे काम अर्धवट राहिलं तर वारेला रक्त पुरत नाही. रक्त न पुरलेली वार आईच्या रक्तात एक प्रथिन जास्त प्रमाणात सोडू लागते. त्याचं नाव एसएफएलटी-१.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला टिकून राहायला वाढीचे घटक लागतात. त्यातला एक व्हीईजीएफ, आणि गरोदरपणात वारेतून येणारा दुसरा पीएलजीएफ. अस्तराच्या पेशींवर हे घटक धरणारे ग्राहक असतात. एसएफएलटी-१ हा अशाच एका ग्राहकाचा सुटा, रक्तात मोकळा फिरणारा तुकडा. पोस्टमन घरी पोचायच्या आधीच कुणी रस्त्यात पत्रं काढून घ्यावीत, तसा तो व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ वाटेतच पकडून ठेवतो. अस्तर उपाशी राहतं. वाहिन्या आखडतात, म्हणून बीपी चढतं. मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं गळतात. यकृत आणि मेंदूही सुटत नाहीत.

हे कोडं बऱ्याच अंशी सुटलं ते २००३ मध्ये. तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत एसएफएलटी-१ वाढवून पाहिलं, तर त्यांचं बीपी वाढलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली. पुढच्याच वर्षी गर्भवतींच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून दिसलं, की लक्षणं येण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासूनच एसएफएलटी-१ चढू लागतं, आणि पीएलजीएफ तर त्याच्याही आधीपासून कमी असतं. २००६ मध्ये सोल्युबल एंडोग्लिन या आणखी एका प्रथिनाची भर पडली. कॅन्सरसाठी व्हीईजीएफ अडवणारी औषधं दिली जातात, त्या रुग्णांतही बीपी वाढतं आणि लघवीत प्रथिनं येतात. तिथे ना गर्भ, ना वार. तरी परिणाम तोच. मला तरी या सिद्धांताचा हा सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो.

आता एचआयव्ही. या विषाणूचं टॅट नावाचं एक प्रथिन आहे. त्याच्या रचनेतला एक भाग व्हीईजीएफशी मिळताजुळता असल्याने ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या व्हीईजीएफच्याच ग्राहकावर जाऊन बसू शकतं, हे १९९६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. दुसरा मुद्दा प्रतिकारशक्तीचा. प्री-एक्लॅम्पसियात आईची प्रतिकारशक्ती गर्भाबाबत जास्त चेतवलेली असते. मग ती दुबळी पडली असेल तर हा आजार कमी होत असेल का? २००२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांना औषधं न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित गर्भवतींत तो कमी दिसला; औषधं घेणाऱ्यांत प्रमाण इतरांसारखंच होतं. नंतर बार्सिलोनात औषधं घेणाऱ्यांत ते उलट जास्त आढळलं. दक्षिण आफ्रिकेत सोवेटोच्या नोंदींत एचआयव्ही असण्या-नसण्याने फरक पडलेला नव्हता. थोडक्यात, एकवाक्यता नाही.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा झाला तो डरबनमध्ये. क्वाझुलू-नाताल प्रांतात तपासणीला येणाऱ्या दर पाच गर्भवतींपैकी साधारण दोघी एचआयव्हीसह जगतात, आणि प्री-एक्लॅम्पसियाही तिथे मातामृत्यूच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. तिथल्या विद्यापीठात प्रा. जगिदेसा मूडली आणि त्यांच्या गटाने एचआयव्ही असलेल्या-नसलेल्या, बीपी वाढलेल्या-न वाढलेल्या अशा चारही प्रकारच्या बायकांच्या रक्ताची आणि वारेची तुलना केली. बारीकसारीक फरक निघाले, काही अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेही नाहीत. पण आपल्या कामाची गोष्ट ही, की एसएफएलटी-१ची वाढ मुख्यतः प्री-एक्लॅम्पसियाशी जोडलेली दिसते. एचआयव्ही आहे म्हणून ती झाकली जात नाही.

म्हणून एचआयव्हीमुळे बीपी वाढणार नाही असं कुणी सांगितलं तर ते धरून बसू नका. आणि गोळ्यांमुळे बीपी वाढतं या भीतीने एआरटी तर मुळीच थांबवू नका. तुमचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, गोळ्यांनी खाली राहण्यावरच बाळाचं संरक्षण उभं आहे.

इतर तपासण्या का गोंधळात टाकतात

एचआयव्ही नसलेल्या बाईचं बीपी वाढलं आणि लघवीत प्रथिनं दिसली, की डॉक्टरांचा संशय सरळ प्री-एक्लॅम्पसियाकडे जातो. तुमच्या बाबतीत तेवढं सोपं नसतं. एचआयव्ही स्वतः मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतो, आणि टीएलडी या एआरटीच्या गोळीतलं टेनोफोविर काही जणींत मूत्रपिंडावर परिणाम करतं. दोन्हींत लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात. प्लेटलेट कमी होणं हे गंभीर प्री-एक्लॅम्पसियाचं लक्षण, पण एचआयव्हीतही प्लेटलेट घटतात. यकृताचा एसजीपीटी वाढला तर तो बीपीमुळे, काविळीच्या विषाणूमुळे की एखाद्या औषधामुळे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आधीचा आकडा हाताशी असणं. तिसऱ्या महिन्यातच बीपी, लघवीतली प्रथिनं, क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि प्लेटलेट एकदा मोजून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. विसाव्या आठवड्याच्या आधीच लघवीत प्रथिनं असतील तर ती बहुधा मूत्रपिंडाची जुनी तक्रार असते. तिसऱ्या महिन्यात लघवी स्वच्छ होती आणि आठव्यात प्रथिनं आली, तर अर्थ वेगळा. यातल्या काही तपासण्या एआरटी सेंटरमध्ये होतातच. फक्त त्यांचे कागद बाळंतपणाच्या डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत. ते पोचवायचं काम दुर्दैवाने तुम्हालाच करावं लागतं. व्यवस्थेने करायला हवं, हे मान्य. पण तोवर थांबण्यात नुकसान आपलं.

वारेतून येणाऱ्या घटकांची तपासणी उपयोगी पडते ती नेमकी अशा गोंधळात. मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा औषधाचा परिणाम असेल तर एसएफएलटी-१ सहसा तसं उसळत नाही. वारच आजारी असेल तर उसळतं आणि पीएलजीएफ पडतं. एसएफएलटी-१ला पीएलजीएफने भागून एक गुणोत्तर काढतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३८ ही रेघ ठरली. संशय आहे, पण गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी, तर पुढच्या आठवड्याभरात प्री-एक्लॅम्पसिया होणार नाही हे भाकीत ९९ टक्क्यांहून जास्त वेळा खरं ठरलं. ३८च्या वर गेल्यावर मात्र पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला तो साधारण ३७ टक्के बायकांना. म्हणजे ही तपासणी ‘आज घरी जा’ हे सांगण्यात पक्की, ‘होणारच’ हे सांगण्यात कच्ची. ३४ आठवड्यांच्या आत ८५च्या वर आणि नंतर ११०च्या वर गेलं, तर आजाराची शक्यता बरीच वाढते.

रिपोर्ट हाती आल्यावर काही गोष्टी ध्यानात ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या तपासणीची रेघ ४० आहे, आणि तीही रुग्णालयात दाखल असलेल्या २३ ते ३५ आठवड्यांच्या गर्भवतींसाठी. बाळाची वाढ खुंटली असेल तरी पीएलजीएफ कमी येतं. दिवस भरत आल्यावर एसएफएलटी-१ निरोगी बाईतही चढतं, त्यामुळे नवव्या महिन्याच्या शेवटी या गुणोत्तराला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय या रेघा एचआयव्ही असलेल्या बायकांचा वेगळा गट घेऊन ठरवलेल्या नाहीत, तेव्हा रिपोर्ट वाचताना बाकीची सगळी लक्षणं समोर हवीतच.

आणि खर्च. खासगी लॅबमध्ये ही तपासणी खिशाला जड पडते, तालुक्याच्या ठिकाणी तर बहुतेकदा नमुना शहरात पाठवावा लागतो. बीपी १६०/११० झालेल्या बाईने गुणोत्तराच्या रिपोर्टची वाट बघत बसणं म्हणजे घात. तिथे तपासणीची गरजच नसते, उपचाराची असते. तपासणी परवडत नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. तेच पैसे बीपीच्या चांगल्या मशीनवर आणि गाडीभाड्यावर खर्च झाले तर जास्त उपयोगी पडतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळ्यांचं वेळापत्रक आणि ‘पित्ता’चा सापळा

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या मिळतात. आपल्याकडे आहारातून कॅल्शियम कमी मिळतं, आणि अशा ठिकाणी कॅल्शियम दिल्याने प्री-एक्लॅम्पसियाचा धोका घटतो, म्हणून या गोळ्या टाळायच्या नाहीत. लोहाची गोळीही हवीच. अडचण एवढीच, की टीएलडीतलं डोल्युटेग्राविर रिकाम्या पोटी कॅल्शियम किंवा लोहाबरोबर घेतलं तर पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. गोळी घेतली, तरी तिचं काम अर्धवट. नियम असा: डोल्युटेग्राविर कॅल्शियम-लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं, किंवा सगळं भरल्या पोटी जेवणासोबत घ्यावं. घरात बसेल अशी घडी म्हणजे न्याहारीला कॅल्शियम, अकराच्या सुमारास लोह, दुपारच्या जेवणाला दुसरी कॅल्शियमची गोळी आणि रात्री झोपताना टीएलडी. लोह आणि कॅल्शियम एकमेकांचंही शोषण अडवतात, म्हणून त्यांच्यातही अंतर राहतं.

याहून घातक प्रकार पित्ताचा. सातव्या-आठव्या महिन्यात छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, मळमळलं, की घरात ‘पित्त झालंय’ असं ठरतं आणि मेडिकलमधून अँटासिड येतं. ते दुखणं प्री-एक्लॅम्पसियात यकृतावर आलेल्या ताणाचं असू शकतं. अँटासिडने धोक्याची घंटा दबते, आणि त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला अडवतं ते वेगळंच. पोटाच्या वरच्या भागात दुखलं, तर औषध आणण्याआधी बीपी मोजा. अँटासिड घ्यावंच लागलं, तर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी. इथे जेवणाची सवलत नाही.

ॲस्पिरिनबद्दल आपणहून विचारा. धोका जास्त असलेल्यांना बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेत ते सुरू करतात. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात तपासणीतून धोका जास्त ठरलेल्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्री-एक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. आधीच्या खेपेला बीपी वाढलेलं असणं, जुनं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळं यांपैकी एकही गोष्ट असेल तर धोका जास्त धरतात. पहिलटकरीण असणं, वय ३५च्या वर, वजन जास्त, आई-बहिणीला हा त्रास झालेला असणं यांतल्या दोन-तीन एकत्र आल्या तरी विचार करतात. प्लेटलेट कमी असतील तर निर्णय बदलू शकतो, म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नाव दाखवा. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येतं ती औषधं गरोदरपणात चालत नाहीत. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा चालतात. मात्र लोपिनाविर-रिटोनाविरसारखी दुसऱ्या फळीची एआरटी चालू असेल तर निफेडिपिनचा परिणाम वाढू शकतो. डॉक्टरांना हे माहीत असायला हवं.

माहेरी जाताना

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, आणि प्री-एक्लॅम्पसियाचा मुख्य काळही तोच. दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतात, आधीचे कागद सासरी राहतात. त्यात माहेरी एचआयव्हीबद्दल ठाऊक नसेल तर गोळ्या लपवून घ्याव्या लागतात आणि मग चुकतात. निघण्यापूर्वी एआरटी सेंटरमध्ये सांगा. जवळच्या सेंटरवर औषध मिळण्याची सोय करून देतात. व्हायरल लोड साधारणपणे ३२ ते ३६ आठवड्यांत करतात. बीपी वाढत असेल तर बाळंतपण त्याआधीच करावं लागू शकतं, म्हणून ही तपासणी लवकर करून घ्या. बाळाला कोणतं औषध, किती आठवडे द्यायचं हे त्या आकड्यावर ठरतं.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको. १४०/९० आलं तर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. १६०/११०, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, पोटाच्या वर दुखणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही असेल तर १०८ला फोन करा. झटका आला तर तिला डाव्या कुशीवर वळवा; तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नका.

दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतील. २००२ मध्ये जाहीर झालेल्या दहा हजारांवर बायकांच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्याकडच्या किरकोळ बांध्याच्या बायकांसाठी त्याची कमी मात्रेची पद्धत मांडली, तीही प्रसिद्ध आहे. एचआयव्ही किंवा एआरटी आहे म्हणून हे इंजेक्शन नाकारण्याचं काही कारण नाही. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणं तर २०१७ च्या कायद्याने बेकायदा आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती इतरांना सांगण्यावरही त्याच कायद्याने बंदी घातली आहे. अडवणूक झाली तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना मात्र तुम्ही स्वतः सांगाच. एक उदाहरण देतो: बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं मेथर्जिन बीपी वाढलेल्या बाईला देत नाहीत, आणि रिटोनाविरसारख्या एआरटीसोबतही ते धोक्याचं असतं. ज्याला एकच पुस्तिका दाखवली, त्याला यातलं एकच कारण कळेल.

वार पडली म्हणजे सगळं संपलं असं धरू नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी सर्वांत जास्त चढू शकतं, आणि नेमकं त्याच सुमाराला घरी सोडलेलं असतं. सव्वा महिना होईपर्यंत झटक्याची भीती राहते. बाळंतिणीचं डोकं दुखतंय, तर झोप झाली नसेल म्हणून सोडून देऊ नका. ज्यांना एकदा प्री-एक्लॅम्पसिया झाला त्यांना पुढे बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त असतो; एचआयव्हीमुळेही तो वाढतो. औषधं न्यायला तुम्ही एआरटी सेंटरला आयुष्यभर जाणारच आहात. दर खेपेला तिथे बीपी मोजून घ्या, आकडा पुस्तिकेत लिहायला लावा, आणि पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं हेही तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी दिवस राहिले, तर ॲस्पिरिनचा निर्णय तिसऱ्या महिन्यातच घेता येईल.